पोच आणि तळ : बेंगळुरूच्या मध्यवस्तीतील तंत्रनिकेतन व तेथवर जाण्याचे नियोजन

नगरनियोजनाची कागदपत्रे साहित्याभ्यासकाच्या नेहमीच्या वाचनात येत नाहीत. बृहद् आराखडे, विकास-नियंत्रणाच्या नियमावल्या, वाहनतळविषयक धोरणे यांचे वाचन अभियंते, वास्तुविशारद आणि वकील करतात. तथापि या कागदपत्रांनाही एक भाषा असते. तिच्यातील वाक्यांचा कर्ता कोण, कोणती वस्तू मोजण्याजोगी मानली जाते आणि कोणती मोजमापाबाहेर राहते, हे त्या भाषेतच ठरलेले असते. आणि या ठरण्याचे परिणाम कागदापुरते मर्यादित न राहता माणसांच्या रोजच्या दिवसावर उमटतात. भाषेतील निवडी आणि सामाजिक वास्तव यांचा संबंध हा तौलनिक साहित्याभ्यासाचा जुना विषय असल्याने अशा कागदपत्रांचे वाचन त्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचे मानण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखात बेंगळुरूच्या मध्यवस्तीतील के. आर. सर्कल परिसर आणि तेथील श्री जयचामराजेंद्र शासकीय तंत्रनिकेतन हे उदाहरण घेतले आहे. शहराच्या अगदी मध्यावर असलेल्या धंदेशिक्षणाच्या संस्थेसाठी वाहने उभी करण्याची आणि सार्वजनिक वाहतुकीने येण्याची व्यवस्था कशी आखावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे. त्याची मांडणी ‘वाहने कोठे ठेवावीत’ अशी केली असता एक उत्तर मिळते. ‘विद्यार्थी वेळेवर कसा पोचेल’ अशी केली असता दुसरेच उत्तर मिळते. दोन्ही प्रश्न एकाच संस्थेविषयीचे असले, तरी पहिल्यात मोजण्याचे एकक जागा हे आहे आणि दुसऱ्यात वेळ. धंदेशिक्षणाच्या बाबतीत दुसरा प्रश्न आधी विचारला जाणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट करणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

पेठेतून संस्थेकडे

केंपेगौडा पहिला याने १५३७ मध्ये वसविल्याचे मानले जाणारे बेंगळुरू हे मूलतः पेठांचे नगर. कन्नडमधील ‘पेटे’ आणि मराठीतील ‘पेठ’ हे सजातीय शब्द असून, १६३८ नंतर हे नगर शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत असल्याने दोन्ही भाषांचा व्यवहार येथे दीर्घकाळ शेजारी नांदला. जुन्या बेंगळुरूतील पेठांची नावे व्यवसायांवरून पडली आहेत : कुंबारपेटे कुंभारांची, गाणिगरपेटे तेल्यांची, बळेपेटे बांगड्यांची, अक्कीपेटे तांदळाची, अरळेपेटे कापसाची. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी किंवा बुरूड आळी ही याच जातीची नावे होत.

या नामव्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती. व्यवसाय जेथे चालतो, तेथेच तो शिकला जातो आणि शिकणारा तेथेच राहतो. कुंभाराच्या मुलाला चाकापर्यंत जाण्यासाठी प्रवास करावा लागत नव्हता. अर्थात या सोयीची किंमत मोठी होती. ज्याचा जन्म त्या आळीत झाला नाही, त्याला ते कसबही खुले नव्हते. घर आणि शिक्षण यांतील अंतर शून्य असण्याचा अर्थ जातीची भिंत पूर्ण असणे, असाही होता.

आधुनिक धंदेशिक्षणाने ही भिंत तत्त्वतः मोडली आणि त्याच वेळी अंतर निर्माण केले. म्हैसूर संस्थानात या बदलाशी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव निगडित आहे. बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये पदवी घेतल्यावर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात गेले, तेथे १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी नाशिक, खानदेश, पुणे या भागांत प्रदीर्घ सेवा केली. म्हैसूरचे दिवाण असताना, १९१७ मध्ये, बेंगळुरूत अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था सुरू झाली. तीच पुढे विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून के. आर. सर्कलपाशी ओळखली जाऊ लागली. दिवाणपद सोडल्यानंतर कित्येक वर्षांनी, १९४३ मध्ये, त्यांच्याच पुढाकाराने ‘श्री जयचामराजेंद्र ऑक्युपेशनल इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. आजचे तंत्रनिकेतन हे तिचेच रूप. आधीच्या संस्थेच्या नावात विद्याशाखा होती, या नव्या संस्थेच्या नावात ‘व्यवसाय’ होता. ज्यांना पदवीपर्यंत जाणे शक्य नाही, पण हातात कसब हवे आहे, अशांसाठी ही जागा होती.

ही जागा शहराच्या मध्यावर असणे अर्थपूर्ण होते. कोणत्याही एका पेठेची नसलेली संस्था सर्व पेठांना सारख्या अंतरावर असावी, हा त्यातील न्याय. परंतु शहर वाढत गेले, तसा हा न्याय वाहतुकीवर अवलंबून राहू लागला. जे अंतर १९४३ मध्ये बहुतेकांना चालून काटता येत होते, ते आज येलहंका, केंगेरी किंवा कृष्णराजपुरम येथून येणाऱ्या मुलासाठी एका बाजूने तासाहून अधिक असू शकते.

परिसराचे वाचन

के. आर. सर्कल येथे शेषाद्री रस्ता, नृपतुंग रस्ता, पॅलेस रस्ता आणि आंबेडकर वीधी यांची वाहतूक एकत्र येते. तंत्रनिकेतनाखेरीज श्री कृष्णराजेंद्र रौप्यमहोत्सवी तंत्रसंस्था, विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय, महाराणी महाविद्यालय, जुने सेंट्रल कॉलेज आणि शासकीय विज्ञान महाविद्यालय या संस्था येथे थोड्या अंतरांत आहेत. विधानसौध, उच्च न्यायालय आणि शासकीय कार्यालये यांचाही हाच परिसर. म्हणजे विद्यार्थी ज्या वेळी येतात, त्याच वेळी कर्मचारी, पक्षकार आणि अधिकारीही येतात. आणि त्यांच्यापैकी अनेकांजवळ मोटार असते.

शेषाद्री रस्त्यानेच पुढे फ्रीडम पार्क आहे. हे पूर्वीचे मध्यवर्ती कारागृह. आणीबाणीत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि मधु दंडवते यांना येथे ठेवले होते. २००८ मध्ये तुरुंगाच्या जागी उद्यान झाले, आणि त्याच आवारालगत महापालिकेने बहुमजली वाहनतळ उभारले. बांधून झाल्यावरही काही काळ ते वापराविना राहिले व २०२४ मध्ये खुले झाले. सुमारे साडेपाचशे मोटारी आणि चारशेहून अधिक दुचाकी मावतील एवढी त्याची क्षमता सांगितली जाते.

सार्वजनिक वाहतुकीच्या दृष्टीने हा परिसर शहरातील सर्वांत संपन्न परिसरांपैकी एक आहे. केंपेगौडा बसस्थानक, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मॅजेस्टिक’, आणि मुख्य रेल्वेस्थानक पश्चिमेस दीड-दोन किलोमीटरवर आहेत. मेट्रोचा जांभळ्या मार्गिकेचा भुयारी भाग एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाला. त्यावरील सर एम. विश्वेश्वरय्या स्थानक चालत दहा मिनिटांच्या आतबाहेर आहे. जून २०१७ पासून मॅजेस्टिक येथे हिरव्या मार्गिकेवरून गाडी बदलता येऊ लागली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपासून चल्लघट्टपर्यंत सलग झाली. ज्या द्रष्ट्याच्या पुढाकारातून ही धंदेशिक्षणाची संस्था जन्मली, त्याच्याच नावाचे स्थानक तिच्या शेजारी असावे, हा योग अर्थपूर्ण आहे. परंतु स्थानक जवळ असणे म्हणजे संस्था पोचण्याजोगी असणे नव्हे. या दोहोंमधील फरक शब्दांतूनही तपासता येतो.

तीन भाषांतील थांबणे

इंग्रजीतील ‘पार्क’ या शब्दाचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा असा आहे. राजाचे शिकारीचे रान, पुढे सार्वजनिक उद्यान, आणि लष्करी परिभाषेत तोफा व गाड्या लावून ठेवण्याचे आवार, असे त्याचे अर्थ विस्तारत गेले. ‘पार्किंग’ हा शब्द या लष्करी अर्थातून आला. फ्रीडम पार्कच्या आवारात उद्यान आणि वाहनतळ हे दोन्ही अर्थ आज प्रत्यक्ष शेजारी उभे आहेत, आणि कुंपण हा मूळ अर्थ तर तुरुंगाच्या भिंतीच्या रूपाने आधीपासूनच तेथे होता.

मराठीने ‘वाहनतळ’ हा प्रतिशब्द घडविला. ‘तळ’ म्हणजे लष्कराचा मुक्काम. ‘तळ ठोकणे’ या वाक्प्रचारात केवळ थांबणे नाही, तर जागा अडवून बसणे, लवकर न हलणे ही छटा आहे. लोकांच्या तोंडी आजही ‘पार्किंग’च असले, तरी शासकीय मराठीतील हा शब्द वाहनांच्या थांबण्याचे स्वरूप नेमके पकडतो. याउलट बससाठी मराठीत ‘थांबा’ आहे. थांबा हा क्षणिक असतो. बस थांबते, माणसे उतरतात, बस निघते. रेल्वेसाठी व मोठ्या बसतळासाठी ‘स्थानक’. म्हणजे तळ, थांबा आणि स्थानक अशा तीन वेगळ्या कल्पना मराठीने तीन वेगळ्या शब्दांत ठेवल्या आहेत.

कन्नडमध्ये चित्र निराळे आहे. ‘निल्लु’ म्हणजे उभे राहणे, थांबणे. या एकाच धातूपासून ‘निल्दाण’ म्हणजे स्थानक वा थांबा आणि ‘निलुगडे’ म्हणजे थांबण्याची क्रिया वा व्यवस्था, हे दोन्ही शब्द आले. बसचे ‘निल्दाण’ आणि वाहनांची ‘निलुगडे’ एकाच कुळातील असल्याने, माणसे उतरण्यासाठीचे थांबणे आणि गाडी दिवसभर ठेवण्यासाठीचे थांबणे यांतील भेद धातूच्या पातळीवर दिसत नाही. मात्र प्रवाशांच्या निवाऱ्यासाठी ‘तंगुदाण’ असा स्वतंत्र शब्द कन्नडमध्ये आहे आणि त्यात विसाव्याची, मुक्कामाची छटा आहे. मराठीत मुक्कामाची छटा वाहनाकडे गेली आणि कन्नडमध्ये ती प्रवाशाकडे गेली, ही तुलना लक्षणीय आहे.

नियोजनाच्या परिभाषेत ‘अॅक्सेस’ ही कल्पना मध्यवर्ती असते. तिच्यासाठी ‘प्रवेशसुलभता’ असा शब्द सिद्ध करता येतो, परंतु मराठीतील साधा ‘पोच’ हा शब्द अधिक अर्थवाही आहे. पोच म्हणजे पोचणे. पोच म्हणजे पावती. पाठविलेली वस्तू मिळाल्याची लेखी कबुली. आणि ‘त्याला पोच नाही’ असे म्हटले असता समज, परिपक्वता. एखाद्या संस्थेची पोच आखताना हे तिन्ही अर्थ लागू पडतात : विद्यार्थी तेथे पोचतो का, तो आला याची दखल कोणी घेते का, आणि आखणाऱ्याला त्याच्या परिस्थितीची समज आहे का.

मोजमापाची भाषा

भारतीय शहरांच्या नियमावल्यांत वाहनांसाठीची जागा इमारतीच्या वापरावरून आणि बांधकामक्षेत्रावरून ठरते. बेंगळुरूचा २०१५ पर्यंतचा सुधारित बृहद् आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला, त्याच्या नियमावलीतही हीच पद्धत आहे : इतक्या चौरस मीटरला इतक्या मोटारींची किमान जागा. या वाक्याचा कर्ता इमारत आहे. इमारतीत कोण येते, ते कोणत्या वयाचे आहे, त्याच्याजवळ वाहन असणे शक्य आहे काय, हे प्रश्न या वाक्यात विचारलेच जात नाहीत. अमेरिकी नियोजनतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ या ग्रंथात अशा किमान-जागेच्या नियमांची विस्तृत चिकित्सा केली आहे. विनामूल्य वाटणाऱ्या वाहनजागेची किंमत मोटार न चालविणाऱ्यांसह सर्वांकडून वसूल होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

ही किंमत तंत्रनिकेतनाच्या संदर्भात नेमकी दाखविता येते. दिल्लीच्या २०२१ पर्यंतच्या बृहद् आराखड्यात एका मोटारीला उघड्यावर २३ चौरस मीटर, तळमजल्यावरील आच्छादित जागेत २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरली आहे. यात गाडी वळविण्याची जागाही समाविष्ट असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यता-पुस्तिकांत एका वर्गखोलीसाठी ६६ चौरस मीटर आणि कार्यशाळेसाठी २०० चौरस मीटर क्षेत्र अपेक्षिलेले आढळते. एका तुकडीची नेहमीची प्रवेशक्षमता ६० असते. म्हणजे उघड्यावर उभ्या केलेल्या तीन मोटारी जितकी जागा व्यापतात, तितक्या जागेत साठ विद्यार्थ्यांचा वर्ग बसतो. तळघरात तर दोन मोटारींना ६४ चौरस मीटर लागतात. सात मोटारी तळघरात ठेवल्या, की एका कार्यशाळेएवढे क्षेत्र संपले. मध्यवस्तीतील आवार वाढू शकत नाही. त्यामुळे येथे वाहनांसाठी दिलेला प्रत्येक चौरस मीटर लेथ, वेल्डिंगची खोली किंवा ग्रंथालय यांपैकी कशातून तरी वजा होतो.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्यावर भर देण्याचे तत्त्व स्वीकारले. कर्नाटकाच्या नागरी भूपरिवहन संचालनालयाने तयार केलेल्या आणि २०२१ पासून पुढे आलेल्या ‘पार्किंग धोरण २.०’ मध्येही विनामूल्य व विस्कळित वाहनजागेकडून सशुल्क व विभागवार नियोजित वाहनजागेकडे जाण्याची भूमिका आहे. धोरणाचा कर्ता माणूस आणि नियमावलीचा कर्ता इमारत, अशी ही विसंगती आहे. प्रत्यक्ष आवाराचा नकाशा मंजूर होताना मात्र नियमावलीचीच भाषा चालते.

विद्यार्थ्याचे वय, वेळ आणि ओझे

तंत्रनिकेतनाचा पदविका-अभ्यासक्रम दहावीनंतर सुरू होतो आणि तीन वर्षांचा असतो. प्रवेश घेणारा विद्यार्थी साधारणतः सोळा वर्षांचा असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मोटार वा नेहमीची मोटारसायकल चालविण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सोळाव्या वर्षी केवळ ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या दुचाकीची मुभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाने वाहन चालविल्यास पालक वा वाहनमालक यांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद केली. याचा अर्थ असा, की तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातील पहिली सुमारे दोन वर्षे बहुसंख्य विद्यार्थ्यांना वाहन चालविण्याचा कायदेशीर अधिकारच नसतो. इमारतीच्या क्षेत्रफळावरून त्यांच्या नावे मोटारीची जागा राखणे म्हणजे जे वाहन ते चालवू शकत नाहीत, त्यासाठी त्यांच्या कार्यशाळेची जागा खर्च करणे होय.

दुसरा मुद्दा वेळेचा. कला वा वाणिज्य महाविद्यालयात एखादे व्याख्यान चुकले, तर मित्राची वही उतरवून घेता येते. लेथवरील चुकलेला तास असा उतरवून घेता येत नाही. यंत्र एकच असते, गट ठरलेला असतो, निदेशक एकदाच दाखवितो. हाताला झालेली सवय दुसऱ्याच्या वहीत नोंदलेली नसते. शिवाय तंत्रनिकेतनांत साधारणतः ७५ टक्के उपस्थितीची अट असते. बस वीस मिनिटे उशिरा आली, तर पहिला तास जातो. असे वारंवार झाले, तर परीक्षेला बसण्याचा हक्क धोक्यात येतो. ज्या घरातील मूल घरातले पहिलेच शिकणारे आहे, तेथे हे एक वर्ष वाया जाणे पुष्कळदा शिक्षण थांबण्याइतकेच असते. म्हणून या संस्थेच्या बाबतीत प्रवासाची अनिश्चितता हा शिक्षणाच्या गुणवत्तेचाच प्रश्न ठरतो.

तिसरा मुद्दा ओझ्याचा. आरेखनाचा फलक, मिनिड्राफ्टर, नकाशांची नळी, कार्यशाळेचा एप्रन, जाड तळाचे बूट, काही वेळा अवजारे, असे सामान घेऊन गर्दीच्या बसमधून उतरणे आणि रुंद चौक ओलांडणे हा या विद्यार्थ्यांचा नित्यक्रम असतो. दलित आत्मकथनांच्या वाचकाला, मग ती मराठी असोत वा कन्नड, शाळेपर्यंतचे अंतर हा कथनातील अपरिचित घटक नाही. त्या अंतरात काय सोसले, यावरून शिक्षणाचे मोल वाचकाला कळते. नियोजनाच्या कागदात तेच अंतर एका सरळ रेषेने दाखविले जाते.

शेवटचे अर्धे किलोमीटर

फ्रेंच विचारवंत मिशेल द सर्तो यांनी १९८० मधील आपल्या ग्रंथात चालण्याची तुलना उच्चाराशी केली. नगराची रचना ही भाषाव्यवस्था असेल, तर चालणे हा तिच्यातील प्रत्यक्ष उच्चार. हे रूपक के. आर. सर्कलला लावले, तर तेथील रचना चालणाऱ्याला वारंवार अडखळायला लावते, असे म्हणावे लागेल. मध्यवस्तीतील अनेक रस्ते एकदिशा आहेत. एकदिशा रस्त्यावर सकाळी उतरण्याचा थांबा आणि सायंकाळी चढण्याचा थांबा एकाच रस्त्यावर समोरासमोर नसतात. परतीचा थांबा शोधायला दुसऱ्या रस्त्यावर जावे लागते. चौकाखालील भुयारी मार्ग चौक न थांबता ओलांडणाऱ्या वाहनांसाठी आहे. मे २०२३ मध्ये त्यात पावसाचे पाणी साचून मोटारीत अडकलेल्या एका तरुणीचा मृत्यू झाला. वाहनांच्या वेगासाठी केलेली रचना वाहनातील माणसालाही सुरक्षित ठेवतेच असे नाही, हे त्या घटनेने दाखविले.

बेंगळुरूच्या मध्यवस्तीत काही रस्त्यांची ‘टेंडरशुअर’ पद्धतीने पुनर्रचना झाली. रुंद व सलग पदपथ, जमिनीखालील सेवावाहिन्या आणि वाहनांसाठी आखून दिलेली मर्यादित जागा ही तिची वैशिष्ट्ये. रेसिडेन्सी रस्ता, सेंट मार्क्स रस्ता, कनिंगहॅम रस्ता यांवर प्रथम ही पद्धत आली. शहरात पदपथ नीट करणे अशक्य आहे, या समजाला या रस्त्यांनी उत्तर दिले. मात्र पदपथाचे मोल त्याच्या सलगपणात असते. स्थानकापासून फाटकापर्यंतच्या वाटेत एक जरी तुकडा उभ्या दुचाकींनी अडला, तरी चालणारा रस्त्यावर उतरतो आणि उरलेला पदपथ त्याच्यापुरता निरुपयोगी होतो.

अंतराप्रमाणे भाडेही पोचेचा भाग आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील ‘शक्ती’ योजनेने राज्यातील स्त्रियांना साध्या बसमधून विनामूल्य प्रवास दिला. धंदेशिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींसाठी घरातील एक आक्षेप त्यामुळे दूर होऊ शकतो. मुलांसाठी महानगर परिवहन महामंडळाचा सवलतीचा विद्यार्थी-पास आहे. मेट्रोने मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये भाडे वाढविले आणि कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपये झाले. त्या भाडेरचनेत अंतर हाच मुख्य वर्ग आहे, विद्यार्थी हा वर्ग नाही. पुणे मेट्रोने २०२३ पासून विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत दिली, हे येथे तुलनेसाठी ध्यानात घेण्याजोगे आहे. परिणामी के. आर. सर्कलचे मेट्रोस्थानक संस्थेच्या जवळ असूनही, लांबून येणाऱ्या विद्यार्थ्याला ते बसपेक्षा आर्थिक दृष्ट्या दूरचे ठरू शकते. ‘पोच’ या शब्दाचा दुसरा अर्थ येथे प्रकट होतो. भाडेपत्रकात विद्यार्थी हा शब्द असणे, ही त्याच्या येण्याची पावती आहे.

आखणीचा क्रम

उपर्युक्त विवेचनावरून अशा संस्थेच्या नियोजनाचा एक क्रम सुचतो. प्रथम मोजावयाची ती येणारी माणसे आणि त्यांच्या वेळा : किती विद्यार्थी कोणत्या दिशेने, कोणत्या वाहनाने, किती वाजता येतात, कार्यशाळेचा पहिला गट किती वाजता सुरू होतो, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचे वर्ग असल्यास ते किती वाजता सुटतात आणि त्या वेळी बस उपलब्ध असते काय. हे मोजमाप एका साध्या प्रश्नावलीने व फाटकावरील नोंदीने होऊ शकते. अनेकदा रस्ता न बदलता वेळापत्रक बदलून प्रश्न हलका होतो. शेजारच्या पाच-सहा संस्थांनी आपल्या पहिल्या तासाच्या वेळा अर्ध्या अर्ध्या तासाने मागेपुढे केल्या, तरी बसथांब्यावरील गर्दी विभागली जाते.

दुसरी पायरी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरची. मेट्रोस्थानक आणि प्रमुख थांबे येथून फाटकापर्यंतची प्रत्येक वाट चालून पाहून, तीवरील ओलांडण्याच्या जागा, सिग्नलचा अवधी, उजेड आणि पावसाळ्यातील पाणी यांची नोंद व्हावी. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमानुसार ही वाट चाकाच्या खुर्चीलाही खुली असणे अपेक्षित आहे. उतरंड नसलेला एक पदपथही त्या हक्काचा भंग ठरतो.

तिसऱ्या पायरीवर वाहनांचा विचार यावा, आणि तोही सरसकट नव्हे. कार्यशाळेला पोलादी सळ्या, यंत्रे व वायूच्या टाक्या आणणाऱ्या मालवाहू गाडीला आत वळता आले पाहिजे. अग्निशामक दलाचा मार्ग सदैव मोकळा हवा. दिव्यांग विद्यार्थी व कर्मचारी यांच्यासाठी दाराजवळ जागा हवी. सायकलींसाठी छप्पर हवे. एवढ्या गरजा भागल्यानंतर उरणाऱ्या कर्मचारी व अभ्यागतांच्या मोटारींसाठी आवारात जागा शोधण्याऐवजी फ्रीडम पार्कच्या वाहनतळाचा सामायिक वापर करता येतो. तसे झाल्यास सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या त्या इमारतीचा उपयोग वाढेल आणि आवारातील चौरस मीटर शिक्षणासाठी राहतील. मात्र सामायिक वापराचा करार दोन यंत्रणांत व्हावा लागतो, आणि २०२५ मध्ये जुन्या महापालिकेच्या जागी बृहद् बेंगळुरू प्राधिकरण व पाच महापालिका आल्याने अशा कराराची जबाबदारी कोणाची, हे आधी स्पष्ट करून घ्यावे लागते.

या क्रमाला एक आक्षेप संभवतो. शिक्षकांची घरे दूर असतात, काहींना वृद्ध आईवडिलांना सोडून यावे लागते, सायंकाळी उशिरा परतणाऱ्या शिक्षिकेला स्वतःचे वाहन हीच सुरक्षितता वाटते. हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर वाहनजागा नाकारण्यात नाही, तर ती मूल्य देऊन, जवळच्या सामायिक तळावर आणि गरजेच्या क्रमाने देण्यात आहे. विद्यार्थ्याचे येणे आणि शिक्षकाची मोटार यांत निवड करावी लागते ती मुख्यतः आवाराच्या मर्यादित जमिनीवर. तेवढ्या जमिनीपुरते प्राधान्य स्पष्ट असले, की बाकीचा वाद बराचसा मिटतो.

समारोप

पेठेतील कारागिराच्या मुलाला वाट नव्हती आणि म्हणून अंतरही नव्हते. धंदेशिक्षणाच्या संस्थेने इतरांच्या मुलांना वाट दिली आणि ती वाट सुकर ठेवण्याची जबाबदारी स्वीकारली. ती जबाबदारी आज इमारतीच्या क्षेत्रफळावरून मोटारींची संख्या काढणाऱ्या वाक्यात हरवते. त्या वाक्याचा कर्ता बदलून तेथे सोळा वर्षांचा, वाहन चालविण्याचा परवाना नसलेला, आरेखनफलक घेऊन बसमधून उतरणारा विद्यार्थी ठेवला, तर तीच नियमावली वेगळी आकडेमोड करू लागेल. तीन मोटारींची जागा आणि साठ मुलांचा वर्ग या दोन समान क्षेत्रफळांतून कोणते निवडावयाचे, हे शेवटी कोणत्या शब्दाने प्रश्न विचारला यावर अवलंबून राहते. मराठीने ‘तळ’ आणि ‘पोच’ हे दोन्ही शब्द आपल्या व्यवहारात जपले आहेत. मध्यवस्तीतील तंत्रनिकेतनाच्या आखणीत पहिला प्रश्न ‘पोच’ या शब्दाने विचारला जावा, आणि ‘तळ’ हा त्यानंतरचा प्रश्न ठरावा.